परळ, ३ जून

पहाटे साडेपाच

आमच्या संस्थेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या तारखेभोवती लाल वर्तुळ आहे. १९३२ साली ३ जूनला सर दोराबजी टाटा जर्मनीतल्या बाड किसिंगेन या गावी वारले. टाटा मेमोरियल हॉस्पिटलात लांबून येणाऱ्या पेशंटांची राहण्याची, तिकिटांची, कागदपत्रांची सोय बघणारी आमची छोटी संस्था आहे. नव्या स्वयंसेवकांची पहिली बैठक आम्ही मुद्दाम याच दिवशी ठेवतो. दुपारी चारला मला दोराबजींबद्दल वीस मिनिटं बोलायचंय.

चहा ठेवून मी वही उघडते. वीस मिनिटांत बहात्तर वर्षांचं आयुष्य बसवायचं, म्हणजे काय गाळायचं हे आधी ठरवावं लागतं. जमशेदपूरचं पोलाद, खोपोलीची वीज, ऑलिंपिकला गेलेले पैलवान आणि धावपटू, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा हिरा. यातलं काही ना काही मुलांच्या कानावर असतंच. मी पानावर फक्त दोन तारखा लिहिते, १८ जून १९३१ आणि ३ जून १९३२. पहिली त्यांच्या पत्नीच्या, मेहेरबाईंच्या मृत्यूची. दुसरी त्यांच्या स्वतःच्या. मध्ये पंधरा दिवस कमी असं एक वर्ष. मला आज या वर्षाबद्दल सांगायचंय, बाकीचं त्याच्या ओघात आलं तर येईल.

सात

डोंबिवलीहून निघालं की सातच्या सुमारास परळला उतरते. आभाळ भरून आलंय. या दिवसांत ऑफिसला जाण्याआधी फुटपाथवरून एक चक्कर मारायची, रात्री कोण कोण बाहेर झोपलं ते बघायचं आणि त्यातल्या ज्यांची केमो चालू आहे त्यांना आधी छपराखाली न्यायचं, हे पहिलं काम. हिंदमाताला पाणी तुंबायला लागलं की मग कुणालाच कुठे हलवता येत नाही. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि लहानमोठ्या संस्थांच्या खोल्या, सगळीकडे फोन करून ठेवायचे. एक खाट रिकामी होते तेव्हा तिच्यासाठी तीन नावं तयार असतात.

या फुटपाथवर माझं लक्ष नवऱ्यांकडे फार जातं. गावी ज्याने कधी चहाचा कप विसळला नसेल, तो इथे बायकोची साडी पिळून कठड्यावर वाळत घालतो. केस गळून गेलेल्या डोक्याला रुमाल नीट बसावा म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधतो. मऊ भातात मीठ किती घालायचं, पाणी उकळून गार करायला किती वेळ लागतो, कुठल्या गोळीने तोंड येतं, हे सगळं त्याला आठवड्याभरात पाठ होतं. उशाशी फायलीची पिशवी असते, ती तो झोपेतसुद्धा सोडत नाही. बायका नवऱ्यासाठी हे सारं करतात तेव्हा कुणी वळून बघत नाही, तेवढं ते आपण गृहीत धरलेलं असतं. पुरुष करतो तेव्हा दिसतं. दिसतं म्हणून मी लिहितेय, त्या बायकांचं मोल कमी म्हणून नाही.

दोराबजी १९३१ च्या उन्हाळ्यात असेच एक नवरे होते.

नऊ

टेबलावर फायलींचा गठ्ठा. आजचं पहिलं जोडपं बीड जिल्ह्यातलं. बाईंना रक्ताचा कॅन्सर आहे, वय तिशीच्या आत. त्यांच्या रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं, त्यामुळे महात्मा फुले योजनेचं प्रकरण अडलंय. तहसील कार्यालयातून दाखला मागवायचा, तो येईपर्यंत दुसऱ्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, मुख्यमंत्री सहायता निधीचा फॉर्म आजच भरून ठेवायचा. दादा शांतपणे सह्या करत जातात आणि मग एकदम विचारतात, “ताई, पैसा असता तर ही लवकर बरी झाली असती का?”

हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर मी खरं तेच देते. पैशाने उपचार वेळेवर होतात, पण उपचारच नसेल तर पैसा काही करू शकत नाही. आता उपचार आहे. पैशाचं आपण बघू.

मेहेरबाईंच्या वेळी उपचार नव्हता. त्यांनाही रक्ताचाच कॅन्सर होता, ल्युकेमिया. नॉर्थ वेल्समधल्या रुथिन इथल्या खासगी शुश्रूषागृहात त्यांना ठेवलं होतं. हिंदुस्थानातल्या सर्वात मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख त्यांचा नवरा होता. जगातला कुठलाही डॉक्टर, कुठलंही औषध त्यांना परवडत होतं. पण १९३१ साली ल्युकेमियासाठी क्ष-किरणांचा शेक आणि सोमलाचं द्रावण यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतंच. त्याने थोडे दिवस बरं वाटे, आजार जात नसे. १८ जूनला त्या गेल्या. वय एक्कावन्न. लंडनजवळच्या ब्रुकवुडच्या स्मशानभूमीत, जिथे १९०४ पासून दोराबजींचे वडील जमशेटजी विसावले होते, तिथेच मेहेरबाईंना ठेवलं.

बीडचे दादा उठताना विचारतात, खोली कधी मिळेल. मी संध्याकाळपर्यंत सांगते म्हणते.

साडेदहा

हॉस्पिटलात रेल्वे सवलतीच्या फॉर्मांवर सही-शिक्का घ्यायला रांगेत उभी आहे. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला पाऊण माफ. मालद्याचं कुटुंब आहे, गोरखपूरचं आहे, नांदेडची मावशी आहे. रांग हळू सरकते, म्हणून मी वही काढते. मेहेरबाईंबद्दल थोडं तरी सांगायलाच हवं, नाहीतर दोराबजींचं दुःख मुलांना पुस्तकी वाटेल.

दोराबजींचा जन्म १८५९ चा, मेहेरबाईंचा १८७९ चा. वीस वर्षांचं अंतर. जमशेटजी म्हैसूरला गेले असताना त्यांची होरमसजी भाभा यांच्याशी ओळख झाली. भाभा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. वडिलांनी पुढे मुलाला सांगितलं, तिकडे जाशील तेव्हा भाभांच्या घरी जाऊन ये. मुलगा गेला, भाभांची लेक मेहेर त्याने पाहिली आणि लग्न ठरलं. तोवर दोराबजी केंब्रिजला शिकून, मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवी घेऊन, ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये दोनेक वर्षं वार्ताहर म्हणून काम करून वडिलांच्या धंद्यात रुळले होते. वयाची अडतिशी आली होती.

या जोडप्याला मूल झालं नाही. त्या काळात, तेवढ्या इस्टेटीच्या घरात, याचा बायकोला किती जाच होऊ शकत होता हे सांगायला नको. दोराबजींनी मात्र मेहेरबाईंना कधी घरात बसवलं नाही. त्या टेनिस खेळायच्या आणि नेसायच्या पारशी पद्धतीची साडी. साडीतच त्यांनी स्पर्धा जिंकल्या. दोघं घोडेस्वारी करत, जगभर हिंडत. मेहेरबाईंनी बायकांच्या संघटना उभारल्या, बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याच्या विचारविनिमयात त्यांचा भाग होता. १९२७ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर भाषण केलं. मला वाटतं, दोराबजींच्या प्रेमाचा खरा पुरावा इथे आहे. हिऱ्याची गोष्ट लोकांना जास्त आवडते. पण बायकोला स्वतःचं काम, स्वतःचं नाव, स्वतःचं व्यासपीठ असू देणं हे त्या पिढीतल्या किती श्रीमंतांना जमलं?

शिक्के मिळाले. मालद्याच्या लोकांची गाडी उद्या रात्रीची आहे.

पावणेबारा

एक तरुण मुलगा आईला घेऊन आलाय, सातारा जिल्ह्यातून. बाबांनी आईचे दागिने गहाण टाकलेत आणि ते आईला सांगितलेलं नाही. पण आईला ठाऊक आहे, ती माझ्याकडे बघून हळूच मान हलवते. मी मुलाला सोनाराची पावती जपून ठेवायला सांगते. व्याज वाढू नये म्हणून मदतीचे पैसे हाती आले की आधी काय सोडवायचं, हे आम्ही तिघं मिळून कागदावर मांडतो.

हिऱ्याची गोष्ट मी बैठकीत सांगणार नव्हते, पण आता सांगेन. कारण तीही गहाणाची गोष्ट आहे. जुबिली हिरा, २४५ कॅरेटचा. दोराबजींनी तो मेहेरबाईंसाठी घेतला होता. खास समारंभांना त्या तो गळ्यात घालायच्या. पहिल्या महायुद्धानंतर पोलाद कंपनीने मोठा विस्तार काढला आणि नेमके पोलादाचे भाव कोसळले. बाहेरून स्वस्त माल येऊ लागला. कच्च्या लोखंडाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान, तिथे १९२३ चा भूकंप झाला. १९२४ साली जमशेदपूरहून तार आली, कामगारांच्या पगारालाही पैसे पुरत नाहीत. दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि एक कोटीचं कर्ज उभं केलं. तारणात बायकोचा हिरा होता.

कंपनी वाचली. सरकारने त्याच वर्षी देशी पोलादाला संरक्षण देणारा कायदा केला, हळूहळू कर्ज फिटलं, हिरा परत आला. व्यापारी माणूस कंपनी बुडताना पहिल्यांदा स्वतःचं घर बाजूला काढतो. मर्यादित जबाबदारीची कंपनी त्याचसाठी तर असते, कायद्याने दोराबजींवर काहीच बंधन नव्हतं. त्यांनी घर आणि कारखाना यांच्यामधली ती भिंत स्वतःहून काढली. आणि हे एकट्याच्या बळावर होत नाही. गळ्यातलं काढून द्यायला जी तयार असते तिचाही त्या कंपनीत वाटा असतो. टाटांच्या कारखान्याच्या इतिहासात मेहेरबाईंचं नाव हिऱ्याच्या निमित्ताने येतं, त्याऐवजी ते कारखाना वाचवणाऱ्यांच्या यादीत यायला हवं.

दीड

डबा. फोडणीची पोळी आणि दही. दहा मिनिटांत खाऊन होतं.

दोन

चंद्रपूरकडचे काका आलेत, घशाचा कॅन्सर. बोलता येत नाही, पाटीवर लिहून दाखवतात. सोबत पुतण्या. गाव कुठलं म्हणून विचारलं तर काकांनी लिहिलं, लोहाऱ्याजवळ.

लोहारा म्हटल्यावर मला राहवत नाही. १८८२ साली एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दलचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला, त्यात लोहाऱ्याचं नाव होतं. पोलादाचं स्वप्न तिथून सुरू झालं. १९०४ मध्ये अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांच्याबरोबर दोराबजी भर उन्हात, बैलगाडीने, चांद्याच्या जंगलात फिरले. पाण्याची इतकी वानवा की सोडावॉटरमध्ये चहा करून प्यायले, अशी आठवण टाटांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. लोखंड सापडलं, पण कारखाना चालावा इतकं एका जागी नव्हतं, आणि जवळचा कोळसा त्या कामाचा नव्हता. शोध सोडतो आहोत हे सांगायला दोराबजी नागपूरला सरकारी कचेरीत गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले, आणि तिथे भिंतीवर त्यांना मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्याच्या जागी गडद रंग. त्या रंगाचा माग काढत वेल्ड धल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोचले, तर पायाखाली खणखणीत लोखंड. शेवटी कारखाना मयूरभंजच्या खाणींमुळे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला आणि आजही चालतोय. धल्ली-राजहराचं लोखंड पुढे भिलाईने वापरलं.

काका ऐकताना हसतात, मग पाटीवर लिहितात, “आमच्याकडे अजून आहे लोखंड.” पुतण्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल होतो. काकांच्या पोटात नळी घालायचीय, त्याची तारीख घ्यायची. उद्या आहारतज्ज्ञांची वेळ. पुतण्याला नळीतून पातळ अन्न द्यायला शिकवायचं, हे काम आमच्या जुन्या स्वयंसेविका, निवृत्त नर्स, करतील.

चार

बैठकीला आठ जण. तिघं देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतले विद्यार्थी, दोन गृहिणी, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन कॉलेजची मुलं. मी दोन तारखा फळ्यावर लिहिते आणि सुरुवात करते.

पत्नी गेली तेव्हा दोराबजी एक्काहत्तर वर्षांचे होते. प्रकृती ढासळलेली. मूलबाळ नाही, धाकटे भाऊ रतनजी १९१८ सालीच गेलेले. अशा माणसाने दार लावून घेतलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी पत्नीची समाधी बांधली, तेवढं तर सगळेच करतात. पण नंतरच्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांनी जे केलं ते फार थोडे करतात. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपली जवळपास सगळी संपत्ती एका ट्रस्टला लिहून दिली. जमिनी, शेअर, जडजवाहीर, जुबिली हिरा, टायला लावायची मोत्याची पिनसुद्धा. त्या वेळच्या हिशोबाने ही रक्कम कोटीच्या घरातली होती. ट्रस्टच्या दस्तात लिहिलं की या पैशाचा उपयोग करताना स्थळ, राष्ट्रीयत्व, धर्मपंथ यांचा भेद करायचा नाही. एप्रिलमध्ये दुसरा ट्रस्ट केला, पत्नीच्या नावाने. तो ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांसाठी. त्याच्या उत्पन्नाचे चार भाग परदेशातल्या संशोधनाला आणि एक भाग हिंदुस्थानातल्या.

इथे नेहमीप्रमाणे हात वर होतो. बँकेतले काका विचारतात, चार भाग बाहेर का? देश गुलामीत होता, गरीब होता. मला हा प्रश्न मोलाचा वाटतो. माझं उत्तर असं आहे. दोराबजींना बायकोच्या आजाराला उत्तर हवं होतं, आणि त्या वर्षी ते उत्तर शोधण्याची साधनं प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत होती. उत्तर कुठेही सापडलं तरी ते परळच्या फुटपाथवरच्या बाईला लागू पडणार होतं. दात्याचं नाव जिथे जास्त झळकेल तिथे पैसा जातो, हे आपण रोज बघतो. दोराबजींनी पैसा आजाराच्या मागे पाठवला.

मग ते युरोपला निघाले, पत्नीच्या पहिल्या पुण्यतिथीला तिच्या समाधीवर जायचं म्हणून. वाटेत बाड किसिंगेनला ३ जूनला हृदय बंद पडलं. पुण्यतिथीला पंधरा दिवस होते. ब्रुकवुडला पोचले ते असे. तिथे मेहेरबाईंच्या शेजारीच आहेत.

त्यांच्या माघारी काय काय झालं ते मी भराभर सांगते. १९३६ साली नागपाड्यात त्यांच्या नावाने समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, तीच आज देवनारची संस्था. समोर बसलेले तिघं आणि मीही तिथलीच. हिरा १९३७ मध्ये विकला गेला, पैसे ट्रस्टला आले. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं हे हॉस्पिटल उघडलं, तेव्हा ऐंशी खाटा होत्या. पुढे ते सरकारकडे आलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. त्यामागे होमी भाभांची दृष्टी होती, आणि होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव. दोराबजींनी यातलं काहीच पाहिलं नाही.

देवनारची एक मुलगी विचारते, “ताई, मुळशीचं काय?”

मला आनंद होतो. हा प्रश्न कुणी विचारला नसता तर मीच काढणार होते. टाटांच्या वीज कंपनीने मुळा-नीला संगमावर धरण बांधायला घेतलं, मावळ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून सेनापती बापट झाले, तुरुंगात गेले. धरण झालंच. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली आणि मुळशीकरांची शेती गेली. त्या वेळी टाटांच्या सगळ्या उद्योगांचे प्रमुख दोराबजी होते. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्याला हे झाकायची गरज वाटत नाही, आणि झाकलं तर मुळशीच्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो. या टेबलावर बसणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवावं. मुळशी-मावळातून पेशंट येतो तेव्हा तो याच हॉस्पिटलात येतो.

कॉलेजच्या मुलाला खेळाचं ऐकायचंय. सांगते. दोराबजी केंब्रिजला क्रिकेट-फुटबॉल खेळलेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना ते अध्यक्ष म्हणून आले होते आणि खेड्यापाड्यांतली अनवाणी पळणारी पोरं पाहून थक्क झाले. त्यातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला संघ गेला, खर्चाचा मोठा भार दोराबजींनी खिशातून उचलला. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. पैलवानांत रणधीर शिंदे होते, कुमार नवले होते. आज यातलं एकही नाव मुलांना माहीत नसतं. म्हणून मी ती फळ्यावर लिहिते.

वीस मिनिटांची चाळीस झाली. शेवटची एक गोष्ट मी ठेवूनच दिलेली असते. आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांच्या चमूने अमिनोप्टेरिन नावाचं औषध तयार केलं आणि बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. सोळांपैकी दहा मुलांमध्ये आजाराने माघार घेतली. थोड्याच काळासाठी, पण औषधाने ल्युकेमिया मागे हटू शकतो हे तेव्हा सिद्ध झालं. त्याच वाटेवरची मेथोट्रेक्सेट आजही आपल्या मुलांच्या उपचारात आहे. फार्बर यांचा तो लेख ज्या अंकात छापून आला त्याची तारीख ३ जून १९४८. दोराबजींना जाऊन त्या दिवशी बरोबर सोळा वर्षं झाली होती. या शोधाचा त्यांच्या ट्रस्टशी संबंध जोडायचं कारण नाही. पण कॅलेंडरवर लाल वर्तुळ काढताना माझ्या मनात ही दुसरी तारीखही असते.

सहा

पाऊस सुरू झाला. मुलांच्या वॉर्डातल्या एका पोराला प्लेटलेट्स हव्यात, दाते शोधायचेत. कॉलेजच्या दोघांपैकी एक लगेच उठतो. मी त्याला नियम सांगते, सुईची भीती आहे का विचारते, जेवलास का विचारते, आणि निवृत्त काकांबरोबर रक्तपेढीत पाठवते.

लहान मुलांच्या ल्युकेमियात आज बहुतेक मुलं बरी होण्याची आशा धरता येते, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप उतरतो, पोरगं खेळायला लागतं, आणि बापाला वाटतं झालं बरं, शेतीचे दिवस आहेत, चला घरी. तिथे आम्ही मुलं गमावतो. औषध आहे, डॉक्टर आहेत, पैशाची सोय झाली आहे, आणि तरी मूल जातं, कारण परतीच्या तारखेला ते आलं नाही. म्हणून आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे फोन. “भाऊ, तारीख परवाची आहे. तिकीट काढलंत? नाही? सवलतीचा फॉर्म आहे ना जवळ? मोठीला कुणाकडे ठेवताय?” आज अकरा फोन आहेत. देवनारच्या मुलीला शेजारी बसवून मी पहिले चार करते, पुढचे ती करते. तिच्या तिसऱ्या फोनवर तिकडचा बाप रागावतो. ती गडबडत नाही, त्याचं पूर्ण ऐकून घेते आणि मग पुन्हा तारीख सांगते. जमेल हिला.

पावणेआठ

दादरहून फोन आला, एक खोली रिकामी झाली आहे. बीडच्या दादांना बोलावून घेतलं. खोलीत दोन खाटा, सामाईक स्वयंपाकघर, संडास त्याच मजल्यावर. भाडं नाममात्र, तेही सध्या आम्ही भरू. दादांनी बायकोला रिक्षात बसवलं, तिच्या अंगावर प्लास्टिक पांघरलं, फायलीची पिशवी स्वतःच्या शर्टाच्या आत घातली. निघताना त्यांनी विचारलं, हे टाटा म्हणजे कोण. गावापासून इथपर्यंत प्रत्येक जण “टाटाला न्या, टाटाला न्या” एवढंच सांगत आला होता.

रिक्षावाला थांबायला तयार होता. म्हणून मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. एक व्यापारी होते, त्यांची बायको याच आजाराने गेली. तेव्हा औषध नव्हतं, म्हणून त्यांनी होतं नव्हतं ते औषध शोधण्यासाठी आणि लोकांच्या भल्यासाठी देऊन टाकलं.

दादांनी विचारलं, “बाईंचं नाव काय होतं?”

मेहेरबाई, मी म्हटलं. आतून त्यांच्या बायकोने ते नाव एकदा म्हणून पाहिलं. उद्या सकाळी साडेआठला त्यांचे रक्ताचे रिपोर्ट आहेत, देवनारची मुलगी बरोबर जाईल. तहसीलच्या दाखल्यासाठी मला दहाला फोन करायचाय.